सूर्य काय गिळतो आणि विजयदुर्गाचा कट्टा

या स्मरणिकेसाठी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने विजयदुर्गाच्या सहलीवर सुरेख लेख पाठविला. त्यात एक वाक्य होते: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या किल्ल्यावरील दगडी कट्ट्यावरून हेलियमचा शोध लावला. ते वाक्य आम्ही वगळले. लेखक नाराज झाला. "सर, आपल्या महाराष्ट्राचा मान का कमी करता?" असे त्याने विचारले. तशी विधाने पुष्कळांच्या तोंडी असल्यामुळे उत्तर येथेच देतो.

१८६८ साली लॉकियर हिंदुस्थानात आलाच नव्हता. त्या ग्रहणात गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन याने सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून तपासला. लॉकियरने तोच प्रकाश २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहणावाचून पाहिला. त्यातील पिवळी रेषा सोडियमची नव्हे, एका अनोळखी मूलद्रव्याची, हा विचार तेथून पुढे आला. पृथ्वीवर ते मूलद्रव्य रॅम्से याला १८९५ मध्ये मिळाले. लॉकियर विजयदुर्गावर आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. लोकस्मृतीने दोन ग्रहणांचे एक केले.

एवढ्याशा चुकीवर आम्ही अडून बसतो, यास कारण आहे. ग्रहण लागले की आमच्या आजे-पणज्यांना "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी देत गावातून फिरावे लागे. सूर्याला गिळणारे राहू-केतू महार-मांगांच्या जातीचे मानले जात. त्यांच्या लेकरांना जुने कापड, पसाभर धान्य दिले की सूर्य सुटे. १८६८ च्या त्या सावलीखालील गावांतही ही आरोळी उठली असेल. 'सगळे सांगतात' एवढ्या आधारावर एका समाजाला शतकानुशतके भिक्षेस लावता येते, हे ज्यांच्या घराण्याने भोगले त्यांनी गोड ऐकीव गोष्टही तपासल्याखेरीज छापू नये.

आणि गिळण्याचीच गोष्ट असेल, तर सूर्य स्वतःच प्रचंड खादाड आहे. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन तो संपवितो. हे जळणे चुलीतल्या लाकडासारखे नव्हे. त्यास प्राणवायू लागत नाही. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान व अफाट दाब असतो. एरवी एकमेकांना दूर लोटणारी हायड्रोजनची अणुकेंद्रे तेथे एकमेकांना भिडतात आणि टप्प्याटप्प्याने चारांचे मिळून हेलियमचे एक केंद्र बनते. त्याचे वजन मूळ चारांच्या बेरजेहून सुमारे ०.७ टक्के कमी भरते. हरवलेले ते वस्तुमान, सेकंदाला सुमारे ४० लाख टन, ऊर्जा होऊन बाहेर पडते. हेलियम म्हणजे या चुलीची राख. ४६० कोटी वर्षे ती पेटलेली आहे. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांचे जळण शिल्लक आहे.

सूर्य मुख्यत्वे हायड्रोजनचा आहे, हे सेसिलिया पेन या तरुणीने १९२५ च्या प्रबंधात दाखविले. हेन्री नॉरिस रसेल या नामवंत शास्त्रज्ञास ते पटले नाही, म्हणून आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे तिला लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षास आले. आमच्या मुलींना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतात एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. उद्या कोणी 'बुद्धांना हेलियम ठाऊक होता' असे लिहून पाठविले, तर तेही आम्ही छापणार नाही.

आमच्या विद्यार्थ्याने अखेर तो परिच्छेद १८९८ ची तारीख घालून नव्याने लिहून दिला. याच अंकात तो आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर मुंबईतून खंडग्रास ग्रहण दिसेल. पावसाचे ढग आड आले नाहीत तर त्या दिवशी वसतिगृहातील मुले खोलीत बसणार नाहीत, मैदानावर असतील. ग्रहणाचे चष्मे पुरविण्याचे त्याने मान्य केले आहे.