मिलिझा कोर्युस : पडद्याआधीचा आवाज

कलावंताची कारकीर्द त्याला लाभलेल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावरून मोजण्याची सवय समीक्षेला जडली आहे. एस्टोनियन वंशाची गायिका-अभिनेत्री मिलिझा कोर्युस (१९०९–१९८०) हिच्यावर या सवयीने अन्याय केला, असे आम्हांस वाटते.

एमजीएमच्या 'द ग्रेट वॉल्ट्झ' (१९३८) या चित्रपटात तिने ऑपेरा-गायिका कार्ला डॉनर रंगवली. सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिला नामांकन मिळाले. १९४० च्या मोटार-अपघातानंतर हॉलिवूडची वाट खुंटली, १९४२ मध्ये मेक्सिकोत एक चित्रपट झाला. चरित्रलेख बहुधा एवढ्यावर आटोपतात.

आमच्या मते ही मांडणीच उलटी आहे. जन्म वॉर्सात, वडील एस्टोनियन, कीव्हच्या 'दुम्का' गायकवृंदात गायन, १९२० च्या दशकाअखेर एस्टोनियात आगमन, १९३३ मध्ये बर्लिनचा सरकारी ऑपेरा : या प्रवासातील अखंड धागा गळ्याचा आहे, पडद्याचा नव्हे. निर्माता आयर्व्हिंग थॅलबर्ग याने तिला प्रत्यक्ष न पाहता, केवळ ध्वनिमुद्रिका ऐकून करारबद्ध केले, असे सांगितले जाते. तिच्या आवाजामुळे झालेल्या कराराची जाहिरात मात्र रूपावर झाली. तिच्या आडनावाचा एस्टोनियन उच्चार बाजूला सारून ते 'गॉर्जस'शी यमक जुळवणारे म्हणून विकले गेले.

कोलोरातुरा, म्हणजे द्रुत स्वरपंक्तींनी नटलेले उंच पट्टीतील स्त्रीगायन, ही निव्वळ कसरत आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण ज्या गायनात शब्दापेक्षा स्वर पुढे असतो, त्यालाच भाषांच्या सीमा सहज ओलांडता येतात. छोट्या भाषेच्या कलावंताला ही सोय क्षुल्लक नसते.

तथापि गौरवाच्या भरात बर्लिनचे पान गाळून चालणार नाही. ज्या १९३३ साली तिला त्या ऑपेराचे दार उघडले, त्याच साली तेथील ज्यू संगीतसंचालक ओटो क्लेम्पेरर यांना नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावा लागला. एवढ्यावरून तिच्यावर आरोप ठेवणे अन्यायाचे ठरेल. परंतु संधी कोणत्या काळात आणि कोणत्या रंगमंचावर मिळाली, हे न नोंदवणारे चरित्र अपुरेच राहील.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : तिच्या अभ्यासाचा आरंभ ऑस्करच्या यादीपासून नको, १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिकांपासून व्हावा. चित्रपट त्यानंतर पाहावा.