कोठीची किल्ली

पंचवटींतील आमच्या वाड्यांत चार बिऱ्हाडें एकत्र नांदतात. संगणक मात्र एकच, आणि तो लिनक्सवर चालतो. गेल्या दिवाळींत धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, मला 'रूट'चा पासवर्ड सांगून ठेवा ना! प्रिंटर अडला कीं दर वेळीं तुमची वाट पाहावी लागते."

मुलाचें म्हणणें रास्त होतें. तरी परवलीचा तो शब्द मीं सांगितला नाहीं.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स रचावयास घेतलें. त्या परंपरेंतील यंत्रांत रूट हा सर्वाधिकारी. त्याच्यापुढें कोणतेंच कुलूप टिकत नाहीं. त्यानें पुसावयास सांगितलें कीं यंत्र मुकाट्यानें पुसतें. आमच्याकडे एकदां असें घडलें आहे. तेव्हां तो शब्द घरांत पांच जणांस ठाऊक होता, आणि दप्तरांत नोंद सांपडली ती केवळ 'रूट' एवढीच! थोरल्या वहिनींच्या लग्नाचीं छायाचित्रें कोणीं पुसलीं, हें अद्याप कळलें नाहीं. जावाजावांतील अबोला मात्र चांगला दोन महिने टिकला.

यावर तोड १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठांत बॉब कॉगशल व क्लिफ स्पेन्सर यांनीं काढली. तिचें नांव 'सुडो'. येथें रूटचा शब्द कोणास सांगावाच लागत नाहीं. ज्यानें त्यानें स्वतःचा शब्द द्यावा व नेमलेलें काम करावें. कोणीं काय केलें तें नांवानिशीं दप्तरांत चढतें. सासूबाई कोठीची किल्ली सुनेच्या हातीं देत, पण जुडगा आपल्याच कमरेला ठेवीत, त्यांतलाच हा प्रकार.

उबुंटूंत एखाद्यास 'सुडो' गटांत घातलें कीं सर्वच अधिकार त्याच्या हातीं जातात. आळशी यजमानास हें सोईचें! मीं 'सुडोअर्स' या यादींत पुतण्याच्या नांवापुढें प्रिंटरची सेवा पुन्हां सुरू करण्याची एकच आज्ञा लिहिली. ही यादी 'व्हायसुडो'नेंच उघडावी. चूक राहिल्यास तो वेळींच हटकतो, एरवीं घरधनीच बाहेर राहावयाचा. द्वारपालही निर्दोष नव्हे: जानेवारी २०२१ मध्यें उघडकीस आलेला सुडोंतील एक दोष सुमारें दहा वर्षें लपून होता. यंत्र अद्ययावत् ठेवावें तें याकरितां.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाहीं," असें म्हणून पुतण्या फुरंगटला. तेव्हां दप्तर वाचण्याची मुभा मीं त्याला दिली. मीही आतां सुडोनेंच काम करतों.

काल जेवतांना सर्वांदेखत त्यानें विचारलें, "काका, मंगळवारीं रात्रीं साडेअकराला तुम्हीं काय बसवलेंत?"