नाव कुणाचे, हिशेब कुणाचा?

चोपड्याच्या बसस्थानकावर सकाळच्या वेळी गाडीची वाट पाहणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींच्या हातातील मोबाइलवर आता कोरियन गाणी ऐकू येतात. त्या भाषेतील एक अक्षरही न कळणारी ही मुले त्या गायकांची नावे, वाढदिवस आणि आपापसांतील रुसवेफुगवे मात्र तोंडपाठ सांगतात. वडीलधाऱ्या मंडळींना हे थिल्लर वाटते. तथापि नाके मुरडण्यापूर्वी त्या गायकवृंदांच्या कारभाराकडे एकदा पाहावे. आपल्या रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वी भोगलेला एक प्रश्न तेथे नव्याने उभा राहिलेला दिसेल.

‘शिन्ह्वा’ हा सहा तरुणांचा संघ १९९८ साली एस.एम. एंटरटेनमेंट या कंपनीने उभा केला. कोवळ्या वयात मुले निवडायची, त्यांना नाचगाण्याची कडक तालीम द्यायची, एकत्र ठेवायचे आणि संघ म्हणून रंगमंचावर आणायचे, अशी तेथील पद्धत आहे. असे संघ बहुधा काही वर्षांत विस्कटतात. शिन्ह्वाचे सहाही जण मात्र २००३ मध्ये एकत्रच कंपनीबाहेर पडले. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे २००८ नंतर पडलेला खंड संपवून २०१२ मध्ये ते पुन्हा एकत्र उभे राहिले. अडचण होती ती नावाची. ज्या नावावर लोकांनी प्रेम केले, त्याची कायदेशीर मालकी त्यांच्याकडे नव्हती. ती पूर्णपणे हाती यायला २०१५ साल उजाडले. पुढे त्यांच्यातही मतभेद झाले, ते २०२१ मध्ये चव्हाट्यावर आले, आणि अलीकडे सहा जण एकत्र क्वचितच दिसतात. तरीही संघ औपचारिकपणे मोडलेला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

हे वाचताना मराठी माणसाला नाटक मंडळ्या आठवल्यावाचून राहणार नाहीत. लहान वयात घर सोडून आलेली मुले, एका बिऱ्हाडातील पंगत, पहाटेची तालीम, स्त्रीभूमिका करणाऱ्या देखण्या मुलांवर लुब्ध झालेला समाज, आणि या साऱ्यावर मालकाचा हुकूम! १८८० मध्ये ‘शाकुंतला’ने सुरू झालेल्या किर्लोस्कर मंडळीची घडी अशीच होती. आपल्या जळगावात मेहबूबखाँकडे लहानपणी गाणे शिकलेला नारायण राजहंस १९०५ मध्ये या मंडळीत दाखल झाला आणि बालगंधर्व या नावाने महाराष्ट्राचा लाडका ठरला. परंतु १९१३ मध्ये तो, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे १९१८ मध्ये मास्टर दीनानाथांनीही किर्लोस्कर मंडळी सोडून बळवंत संगीत मंडळी उभारली. नट मोठा झाला की त्याला मालकी हवी, आणि मालकी मिळवायची तर मंडळी फोडण्यावाचून गत्यंतर नाही, अशी ही रीतच पडून गेली.

मालकी मिळाली म्हणून प्रश्न सुटला काय? गंधर्व मंडळीत टेंबे काही वर्षांतच वेगळे झाले, मागाहून बोडसही गेले. उरला तो एकट्या बालगंधर्वांचा संसार. भरजरी शालू, अत्तरे, उंची देखावे यांवर पैसा पाण्यासारखा खर्च झाला आणि कर्ज डोक्यावर बसले. रसिकांचे प्रेम रतिभरही उणे झाले नव्हते, पण प्रेमाने सावकाराचे देणे फिटत नाही. चित्रपटाच्या ओढीने आणि आर्थिक ओढाताणीने मंडळीचा जुना डौल गेला. पुढे ती पुन्हा उभी राहिली, परंतु ते वैभव काही परतले नाही.

याउलट ललितकलादर्शचे उदाहरण पाहा. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये हुबळीत ही संस्था काढली. जुलै १९२१ मध्ये ते बालगंधर्वांसमवेत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’मध्ये उभे राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात निवर्तले. मुख्य गायकनट गेला की मंडळी बुडायची, हा त्या काळचा अनुभव. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकरांच्या हाती गेली. १९३७ मध्ये तेही गेल्यावर, काही वर्षांच्या खंडानंतर भालचंद्र पेंढारकरांनी ती पुन्हा चालती केली. केशवरावांच्या गळ्याची जागा कुणीच भरून काढली नाही. तरी संस्था टिकली, कारण तिचे नाव व जबाबदारी कुणाकडे जायची याला काहीएक व्यवस्था होती.

कलावंतांचे संघ अहंकाराने मोडतात, कागदाने नव्हे, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण अहंकार कुठे नसतो? हिशेब उघडा असला तर रुसवा रुसवाच राहतो. हिशेब झाकलेला असला तर रुसव्याचा संशय होतो आणि संशयाची फाटाफूट. कोरियात २००९ मध्ये एका गाजलेल्या पंचकातील तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालय गाठले. त्याच वर्षी तेथील सरकारी आयोगाने नमुना करार घालून देऊन सात वर्षांची मर्यादा सुचविली.

आपल्याला हे आज सांगण्याचे कारण असे की, खानदेशातील पोरे आता केवळ श्रोते राहिलेली नाहीत. अहिराणी गाणी मोबाइलवरून तापी ओलांडून साऱ्या महाराष्ट्रात वाजू लागली आहेत. गाणे एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा आणि ज्या खात्यात पैसे जमा होतात ते चौथ्याचे! मैत्रीत कागद कशाला, या भिडेपोटी कुणी काही लिहून ठेवत नाही. वास्तविक आपला कॉपीराइट कायदा कलावंताच्या बाजूने बराच बोलतो. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते; आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनात समान वाट्याचा हक्क दिला आहे. गायक-वादकांचाही व्यापारी वापरातील वाटा मान्य झाला आहे. परंतु जो कायदा ठाऊकच नाही, तो तिजोरीतील दागिन्यासारखा. अंगावर कधी यायचाच नाही.

येथे शिक्षकांना आणि कचेरीत कागद हाताळणाऱ्या मंडळींना करण्याजोगे काम आहे. स्नेहसंमेलनात गाणाऱ्या मुलाची पाठ आपण थोपटतोच. त्याच्या वहीत एक साधा, सर्वांच्या सह्यांचा करारही आपणच लिहून द्यावा: नाव कुणाचे, वाटा किती, आणि कुणी सोडून गेला तर पुढे काय. बालगंधर्वांच्या वाट्याला महाराष्ट्राचे अलोट प्रेम आले. असा कागद लिहून देणारा कुणी आला नाही. आपल्या मुलांच्या वाट्याला दोन्ही यावे.