गहुंजेचं स्टेडियम नक्की कुणाचं?

पोस्ट मोठी आहे. क्रिकेटची आहे, पण फक्त क्रिकेटची नाही. पाण्याची, मैदानांची आणि आपल्या पोरांची पण आहे. वेळ काढून वाचा.

एक्सप्रेसवेवरून जाताना गहुंजेचं स्टेडियम दिसलं की बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, "हे पुण्याचं स्टेडियम ना?" टीव्हीवर पण नाव 'पुणे' असंच येतं. प्रत्यक्षात ते आहे मावळ तालुक्यात, किवळे-देहूरोडच्या शेजारी, आपल्या दारात. आणि दारात असूनही पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगावच्या सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध दोनच गोष्टींपुरता येतो. एक तिकिटांसाठी ऑनलाइन रांग आणि दुसरी मॅचच्या दिवशीचा ट्रॅफिक जॅम.

आधी थोडा इतिहास, कारण नव्या पोरांना तो माहीत नसतो.

पूर्वी पुण्यातले आंतरराष्ट्रीय सामने स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर व्हायचे. १९८७ आणि १९९६ या दोन्ही वर्ल्डकपच्या मॅच तिथे झाल्या. २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं, ते याच मैदानावर. क्रिकेटच्या इतिहासातला तो एक मोठा धक्का होता आणि तो आपल्या महापालिकांच्या पट्ट्यात, एका साध्या पालिकेच्या स्टेडियमवर बसला. मैदान पुणे महापालिकेचं, सामने भरवणारी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन. दोघांचं पासेस आणि तिकिटांवरून बिनसलं, आणि असोसिएशनने स्वतःचं स्टेडियम बांधायचं ठरवलं.

ही गोष्ट ओळखीची वाटते ना? मुंबईतलं वानखेडे पण असंच जन्माला आलं. ब्रेबॉर्नच्या मालकांशी तिकिटांवरून वाद झाला आणि काही फर्लांगावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं. म्हणजे महाराष्ट्रातली दोन मोठी स्टेडियम्स पासांच्या भांडणातून उभी राहिली. त्या भांडणात सामान्य प्रेक्षक कुठेच नव्हता. तो आजही नाही, हे माझं म्हणणं.

१ एप्रिल २०१२ ला गहुंजेचं उद्घाटन झालं. डिझाइन इंग्लंडच्या मायकल हॉपकिन्स यांच्या फर्मचं. क्षमता साधारण ३७ हजार. सुरुवातीला सहाराचं नाव लागलं, पुढे पैशांवरून वाद झाला आणि नाव उतरलं. मैदानावर मात्र भारी क्रिकेट झालं. जानेवारी २०१७ मध्ये इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना आपल्या केदार जाधवने ७६ चेंडूंत १२० ठोकल्या. २०१९ मध्ये कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ केल्या. २०२३ च्या वर्ल्डकपचे पाच सामने इथे झाले.

दुसरी बाजू पण सांगतो. २०१७ ची पहिली कसोटी तीन दिवसांत आटोपली, भारत १०५ आणि १०७ वर ऑलआऊट, आणि आयसीसीने खेळपट्टीला 'पुअर' शेरा दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडने तीन दिवसांत हरवलं आणि मायदेशात सलग १८ मालिका जिंकायची आपली मालिका तुटली. त्याच कसोटीच्या पहिल्या दिवशी स्टँडमधल्या लोकांना प्यायला पाणी मिळेना. बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, ऑक्टोबरचं ऊन, आणि लोक पाण्यासाठी वणवण करतायत. असोसिएशनने नंतर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच. पण शेकडो कोटींच्या स्टेडियममध्ये माठ भरून ठेवायचं कुणाच्या लक्षात नसावं, यातून प्रेक्षकाची किंमत कळते.

आता पाण्यावर आलोच आहोत तर बोलूया.

नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतंय. धरण भरलं तरी दिवसाआड. ते पाणी पवनेचं. याच पवनेच्या बंद पाइपलाइनला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्सप्रेसवेवर गोळीबार झाला, मावळातले तीन शेतकरी गेले. पुढच्याच वर्षी काही मैलांवर या स्टेडियमचं उद्घाटन झालं. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅच महाराष्ट्राबाहेर न्यायला लावल्या. २०१८ मध्ये औद्योगिक वापराच्या कराराखाली मैदानासाठी पवनेचं पाणी घेतलं जातंय यावर आक्षेप आला आणि न्यायालयाने ते घ्यायला मनाई केली. क्रिकेट हा 'उद्योग' आहे का, हा प्रश्न कोर्टात गेला. माझ्या मते उत्तर सोपं आहे. उद्योग असेल तर आम्हाला गिऱ्हाईक म्हणून नीट वागवा. खेळ असेल तर मैदान खेळणाऱ्यांनाही उघडा. दोन्हीकडून सूट मागू नका.

काही जण म्हणतील, असोसिएशन खाजगी संस्था आहे, तिचं स्टेडियम, तिची मर्जी. कागदावर बरोबर. पण मॅचच्या दिवशी बंदोबस्ताला पोलीस आपले, कोंडी सोसतात आपली गावं, नदी आपली. ज्या गोष्टीला समाजाचा एवढा हातभार लागतो, तिच्यावर समाजाचा थोडा हक्क येतोच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आंतरराष्ट्रीय खेळपट्टीवर कुणालाही कसं खेळू द्यायचं? टर्फ विकेट जपावी लागते, रोलिंग, पाणी, विश्रांती सगळं वेळापत्रकाने चालतं. मान्य. इथे रणजी होते, २०२३ पासून एमपीएल पण होते, म्हणजे मैदान अगदीच पडून नाही. म्हणून रोज उघडा असं मी म्हणतच नाही. वर्षातले चार दिवस मागतोय.

आणि चार दिवस कोणते, ते पण सांगतो. गुरुवार.

भोसरी-पिंपरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आपल्या पट्ट्यातलं खरं क्रिकेट गुरुवारी चालतं. फर्स्ट शिफ्ट, नाइट शिफ्ट करणारी पोरं मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलने खेळतात. विदर्भातला, मराठवाड्यातला, बिहारचा असे सगळे एका टीममध्ये. कंपनीचा टी-शर्ट, वर्गणीतून बॅट, आणि जिंकल्यावर मिसळ. मी पण याच क्रिकेटमधला. आमचा प्लॉट तीन वर्षांत तीन वेळा बदलला, कारण प्रत्येक प्लॉटवर शेवटी शेड उभी राहते. याची तक्रार नाही, शेड उभी राहते म्हणून तर आम्हाला काम आहे. पण मैदान कमी होतंय हे खरंच आहे. या पोरांच्या आंतरकंपनी स्पर्धेची एक फायनल गहुंजेला झाली तर खेळपट्टीचं काय बिघडेल? कडेची विकेट द्या, चालेल.

आता स्वतःकडे पण बोट दाखवूया. ऋतुराज गायकवाड आपल्या शहराचा. तो घडला थेरगावच्या वेंगसरकर अकॅडमीत, पालिकेच्या मैदानावर. मोठं स्टेडियम खेळाडू दाखवतं, घडवतं ते गल्लीतलं मैदान. मग आपण नगरसेवकांना मैदानांचा हिशोब विचारतो का? नेहरूनगरला अण्णासाहेब मगर स्टेडियम आहे, ज्यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये आपली नगरपालिका उभी राहिली त्यांच्या नावाचं. २०२० मध्ये तिथे ८०० बेडचं जम्बो कोविड सेंटर उभारलं. तेव्हा ते योग्यच होतं, माणसं जगणं महत्त्वाचं होतं. पण संकट संपल्यावर मैदानाचं मैदान झालं पाहिजे हा आग्रह आपण किती जणांनी धरला? त्याच नेहरूनगरात मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमवर सीनियर राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. म्हणजे पालिकेने मनावर घेतलं तर जमतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत:

१. प्रत्येक मॅचला प्रत्येक स्टँडमध्ये मोफत पिण्याचं पाणी. उघड्या स्टँडना टप्प्याटप्प्याने छप्पर.

२. मैदानासाठी किती पाणी लागतं, कुठून येतं, प्रक्रिया केलेलं किती, हे दरवर्षी जाहीर करा.

३. रणजीच्या मॅचला मावळ, खेड आणि शहरातल्या पालिका शाळांची पोरं बसने आणा. स्टँड तसेही रिकामेच असतात.

४. वर्षाला चार गुरुवार कामगारांच्या आणि शाळांच्या फायनलसाठी.

५. मॅचच्या दिवशी आकुर्डी आणि देहूरोड स्टेशनपासून रात्री उशिरापर्यंत पुरेशा पीएमपी बस.

यातलं एकही काम अवघड नाही. पैसा लागतो तो फक्त छपराला. बाकीच्याला इच्छा लागते.

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये मुद्द्याने भांडा. आणि तुमच्या वॉर्डात गेल्या दहा वर्षांत कुठलं मैदान गेलं, त्याचं नाव तेवढं नक्की लिहा. यादी करून पालिकेत नेऊन देऊ.