विद्यार्थ्यांचे चित्रवाणी केंद्र

चित्रकलेच्या विद्यार्थ्याने चित्रे काढावीत; चित्रवाणी केंद्र चालविण्याच्या उठाठेवीत त्याने का पडावे, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न अगदीच अनाठायी नाही. मोजक्या वर्षांच्या शिक्षणक्रमात रेषेवर हात बसणेच कठीण. त्यात कॅमेरे, दिवे व ध्वनियंत्रे यांचा पसारा सांभाळायचा कोणी? तथापि छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे, आणि तेथील विद्यार्थ्यांच्या हाती स्वतःचे असे एक केंद्र असावे, असे मला निश्चितपणे वाटते.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. शिक्षणसंस्थांना लहान आकाशवाणी केंद्रे चालविण्याची मुभा भारत सरकारने २००२ च्या अखेरीस दिली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असे पहिले केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ त्याच वाटेने गेले. आपल्या नगरातही महात्मा गांधी मिशन या संस्थेचे असे केंद्र आहे. पन्नास वॅट ही अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती. म्हणजे घरातल्या एखाद्या जुन्या दिव्याएवढी! चित्रवाणीसाठी मात्र शिक्षणसंस्थांना अशी स्वतंत्र सवलत नाही. परंतु आंतरजालामुळे उंच मनोरा उभारण्याची गरजच आता उरलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असलेला भ्रमणध्वनी आहे, मग केंद्र हवे कशाला?’ खरा मुद्दा येथेच आहे. मनात आले तेव्हा टिपलेले दृश्य आणि ठरल्या वारी, ठरल्या वेळी पाहणाऱ्यापुढे ठेवलेला कार्यक्रम यांत फार अंतर असते. केंद्र म्हटले की वेळापत्रक आले. एकाने लिहावे, दुसऱ्याने टिपावे, तिसऱ्याने त्यातील निम्मे कापून टाकावे, आणि चूक झाली तर सर्वांनी मिळून उत्तर द्यावे. चित्र आपल्या खोलीत अपुरे ठेवता येते. शनिवारी सहा वाजता दाखवावयाचा कार्यक्रम अपुरा ठेवता येत नाही.

मग दाखवावे काय? विषयांसाठी दूर जावे लागणार नाही. सूत आणि रेशीम यांच्या विणीतून हिमरू वस्त्र घडविणारे हात या नगरात आता थोडेच उरले आहेत. घाईने आलेला वार्ताहर विणकराचा चेहरा टिपून निघून जाईल. रेखाटनाची सवय असलेला विद्यार्थी मात्र आधी तासभर मागासमोर बसेल, धागा कोठून उचलला जातो ते कागदावर उतरवील, आणि मगच कॅमेरा उघडील. पाहण्याची ही शिस्त कलाशाळेतच लागते.

दुसरा विषय पाण्याचा. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी भूमिगत नहरींनी या नगरात पाणी आणले. त्याच नगरातील रहिवाशांना आधुनिक काळात मात्र कित्येक वर्षे काही दिवसांच्या अंतराने नळाचे पाणी मिळत आले आहे. नहरींचा मार्ग नकाशावर काढून दाखविणे, आणि कोणत्या वस्तीत पाणी कधी येते याची पाटी ठळक, सुवाच्य अक्षरांत पडद्यावर देणे, हे काम उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याहून अधिक चांगले कोण करील? सुंदर अक्षर आणि वाचता येणारे अक्षर यांतील भेद तो वर्गात शिकतो. त्याची खरी कसोटी पाण्याची वाट पाहणाऱ्या गृहिणीपुढे लागेल.

मराठवाड्याचे दर्शन मोठ्या वाहिन्यांवर बहुधा भेगाळलेल्या जमिनीपुरते घडते. दुष्काळ खोटा नाही. पण तेवढेच चित्र पुनःपुन्हा पाहणाऱ्या मुलाला आपला प्रांत कसा दिसत असेल? गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ मध्ये लहान चित्रवाणी केंद्र सुरू झाले. तेथील कार्यक्रमांत गावकरीच भूमिका करीत, स्वतःचे प्रश्न स्वतःच मांडीत. आपल्याकडे तसे का होऊ नये?

खर्चाची अडचण मला फारशी मोठी वाटत नाही. दोन कॅमेरे व एक शांत खोली एवढ्यावर प्रारंभ होतो. परीक्षेच्या दिवसांत काय करावे, हा प्रश्न अधिक बिकट आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थी अभ्यासाला लागले म्हणजे बहुतेक विद्यार्थी-उपक्रम थंडावतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आरंभापासूनच प्रत्येक यंत्रापाशी बसवावे, आणि मार्च-एप्रिलमधील केंद्र सर्वस्वी त्यांच्यावर सोपवावे. त्यांचे कार्यक्रम थोडे ओबडधोबड होतील. पण शनिवारचे सहा चुकणार नाहीत.