सुधारणा करणाऱ्यालाच दंड!

पेट्रोल-डिझेल महागले की चर्चा कच्च्या तेलाच्या भावापाशी येऊन थांबते. पण तेल शुद्ध करणारी रिफायनरी काटकसरीने चालावी की नाही, हे आपली करपद्धतीही ठरवते. पांडेसऱ्यातील मराठी बांधवांनी हे समजून घ्यावे असे आम्हांला वाटते, कारण त्याच पद्धतीचा फटका आपल्या मिलनाही बसतो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. त्याविरुद्ध सुरतच्या कापड बाजाराने पाळलेला बंद आपण विसरलेलो नाही. मात्र कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन आणि नैसर्गिक वायू ही पाच उत्पादने तेव्हा बाहेर ठेवली गेली. पेट्रोल-डिझेलवर आजही केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहे.

वडोदऱ्याजवळची, १९६५ पासून चालू असलेली कोयली रिफायनरी घ्या. यंत्रे, रसायने, दुरुस्ती या सगळ्यांवर जीएसटी भरावा लागतो. नाफ्ता, फर्नेस ऑईल, स्वयंपाकाचा गॅस यांच्या विक्रीच्या प्रमाणात त्याची वजावट मिळते. पेट्रोल-डिझेलच्या वाट्याचा कर मात्र अंगावर पडतो. खरी गोम पुढे आहे. तळाला उरणाऱ्या जड तेलातून जास्तीत जास्त डिझेल काढते ती चांगली रिफायनरी. त्यासाठी मोठ्या भांडवलाची नवी यंत्रे लागतात. पण फर्नेस ऑईल कमी होऊन डिझेल वाढले की वजावटीचा वाटाही घटतो. म्हणजे सुधारणा करणाऱ्यालाच दंड!

आपल्या डाईंग-प्रिंटिंग मिलचे दुखणे याच जातीचे आहे. ग्रे कापड आणणाऱ्या टेम्पोच्या डिझेलवरचा किंवा मिलमध्ये जळणाऱ्या गॅसवरचा व्हॅट कापडाच्या जीएसटीतून वजा होत नाही. तो जॉबच्या खर्चात चढतो. बाजार दर वाढवून देत नाही, आणि मग कात्री लागते ती कामगाराच्या मजुरीला.

राज्यांचे उत्पन्न बुडेल, ही अडचण खोटी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेने हा विषय बाजूला ठेवला, त्यामागे हीच चिंता होती. पण पाचही वस्तू एकदम आणा असे कोण म्हणते? सुरुवात नैसर्गिक वायूपासून करा, मग डिझेल घ्या आणि त्यावर राज्यांना वेगळा कर लावण्याची मुभा ठेवा. त्यासाठी दार उघडेच आहे. २०१६ च्या १०१व्या घटनादुरुस्तीने या वस्तूंवर जीएसटी कधीपासून लावायचा, याची शिफारस करण्याचे काम परिषदेकडेच दिले आहे.

यामुळे पंपावरचा भाव निम्म्यावर येईल, अशी खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. वाचेल तो करावरचा कर. तो वाचला तर त्यातला हिस्सा मजुरीच्या दरात दिसला पाहिजे, ही आमची दुसरी मागणी.

जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन आपण ही मिलनगरी उभी केली. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कोणताही असो, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय शब्द देऊ नका.