कबरीपुरती जागा

जपानमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक मृतांचे दहन होते. तेथील मूठभर मुस्लिमांना मात्र धर्माज्ञेनुसार दफनच हवे असते आणि तशी सोय असलेली स्मशाने देशात अगदी थोडी आहेत. क्यूशू बेटावरील बेप्पूच्या मुस्लिम संघटनेने शेजारच्या हिजी गावात जागा मागितली, तेव्हा पाणी दूषित होण्याच्या भीतीने रहिवासी विरोधात उभे राहिले. २०२४ मध्ये तेथे निवडून आलेल्या महापौरांनीही जमीन विकण्यास विरोधच केला.

१९४८ चा राष्ट्रीय कायदा दफनाला मनाई करत नाही. परवानगीची किल्ली स्थानिक प्रशासनाकडे आहे. पाण्याची शंका रास्त असेल, तर भूजलाची तपासणी आणि विहिरींपासूनचे अंतर हे तिचे उत्तर आहे. सरसकट नकार हे उत्तर नव्हे.

हा मुस्लिम समाज कालपरवा आलेला नाही. कोबेची मशीद १९३५ मध्ये उभी राहिली, तीही भारतीय व्यापाऱ्यांच्या हातभाराने. आज वृद्ध होत चाललेला जपान कारखान्यांसाठी, शुश्रूषेसाठी परदेशी हात बोलावतो आहे. हात हवेत, तर माणसाच्या अखेरच्या विधीचीही जबाबदारी घ्यावी लागेल. ती एकेका गावाच्या मर्जीवर न सोडता प्रत्येक प्रांतात किमान एक दफनभूमी टोकियोच्या सरकारने निश्चित करावी.